मदत हवी आहे: ३५० सीसी गाडी गर्दीत हळू चालवताना तोल आणि उजवा यू-टर्न (बेळगाव)

शहापूर_३५०
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिमी. याआधी हातात ११० सीसीची हलकी गाडी होती. चाळीसच्या पुढे काही त्रास नाही, अडचण आहे ती माणूस चालतो तेवढ्या वेगात.

१) गणपत गल्ली, खडेबाजारात गाडी डुलते आणि दोन्ही पाय खाली येतात.
२) उजवीकडे यू-टर्न घेताना अर्ध्यावर गचका बसतो, कधी इंजिन बंद पडतं, उजवा पाय आपोआप बाहेर येतो.
३) उड्डाणपुलाच्या चढावर वाहनं तुंबली की निघताना गाडी मागे घरंगळते.

हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, इतकं चालवलं तर क्लचच्या प्लेटा जळतील का? सराव कुठे करावा? जरा सविस्तर सांगा की.

घाटवाट_चोर्ला
तिन्हीचं मूळ एकच आहे. तुम्ही हळू वेगातही वेग थ्रॉटलनेच (उजव्या मुठीच्या ॲक्सिलरेटरने) ठरवताय. चालण्याच्या वेगात थ्रॉटल एका जागी धरायचा, वेग क्लचने कमी-जास्त करायचा आणि मागचा ब्रेक हलका लावून ठेवायचा. थ्रॉटल उघड-बंद केला की चेन एकदा ताणते, एकदा सैल पडते आणि तो धक्का थेट तोलावर येतो. मागचा ब्रेक थोडा लागलेला असला की इंजिन सतत ओढत राहतं, चेन ताणलेली राहते आणि गाडी डुलायची थांबते.

आधी क्लचची पकड कुठे येते ते हाताला कळू द्या. सपाट जागा, पहिला गियर, दोन्ही पाय जमिनीवर, थ्रॉटल अजिबात नाही. क्लच सावकाश सोडा. इंजिनचा आवाज दबेल आणि गाडी पुढे सरकू लागेल, तिथे पकड सुरू झाली. तिथून लिव्हर थोडा आत घेतला की गाडी मोकळी. पुढचा सगळा खेळ लिव्हरच्या या एवढ्याशा हालचालीत आहे. हे हात न बघता जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग सरळ रेषा. २० मीटर लांब, फूटभर रुंद पट्टा चुन्याने आखा. पाय फूटपेगवर, गुडघे टाकीला टेकलेले, कोपर सैल. सुरुवातीला १२ सेकंदांत पार करा, म्हणजे ताशी ६ किमी. नंतर २० सेकंद, म्हणजे ३.६ किमी. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा कानानेच चालायचं: आयडलपेक्षा, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं त्यापेक्षा, जरा चढा आणि एकसारखा आवाज. उजव्या हाताचा अंगठा स्विचच्या डबीला टेकवून ठेवा, थ्रॉटल खड्ड्यातही हलत नाही. पुढच्या चाकाकडे मात्र बघायचं नाही, नजर पट्ट्याच्या पलीकडच्या टोकावर.

निपाणीकर
थ्रॉटल कशाला? या इंजिनला खाली ताकद भरपूर आहे. पहिल्या गियरात क्लच पूर्ण सोडला तर नुसत्या आयडलवर गाडी चालते की. गर्दीत तेवढंच करावं.

घाटवाट_चोर्ला
अण्णा, सरळ आणि सपाट रस्त्यावर तुमचं बरोबर आहे. पण हँडल पूर्ण वळवलं की टायरची ओढ वाढते, त्यात थोडा चढ किंवा खड्डा आला तर आयडलवरचं इंजिन गप्पकन बंद पडतं. आणि वळणात झुकलेली गाडी बंद पडली की ती आत पडणारच. शिवाय क्लच पूर्ण सुटलेला असला तर आयडलच्या वेगापेक्षा हळू जायला जागाच उरत नाही. म्हणून वळणात थोडा थ्रॉटल, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक तिन्ही एकदम हवेत.

मलप्रभाकाठ
यू-टर्नचं मी सांगते, कारण आपल्याकडे तो उजवीकडेच असतो आणि तिथे एक खास अडचण येते.

हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की उजवी मूठ पोटाशी येते आणि डावी मूठ लांब जाते. डावा हात ताणला गेला की बोटं आपोआप उघडतात आणि क्लच एकदम सुटतो. तुमचा गचका हाच. त्याच वेळी उजवं मनगट दुमडून थ्रॉटल एक तर बंद होतो, नाही तर जास्त उघडतो. उपाय सोपा आहे: वळायच्या आधी सीटवर थोडं पुढे सरका, डावा खांदा मुठीच्या मागोमाग पुढे जाऊ द्या, कोपरं वाकलेली ठेवा. गाडी बंद करून, स्टँडवर, हँडल पूर्ण उजवीकडे वळवून क्लच दाबून बघा. तिथे बोटं पुरत नसतील तर चालत्या गाडीवर पुरणारच नाहीत. मग लिव्हरचा क्लॅम्प सैल करून कोन बदलून घ्या. बसल्यावर मनगट आणि पुढचा हात एका रेषेत यायला हवा.

दुसरं, उजव्या वळणात बाहेर येणारा पाय हा ब्रेकचा पाय आहे. तो खाली गेला की मागचा ब्रेक गेला, आणि हात आपोआप पुढच्या ब्रेकवर जातो. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप दबतात, चाक जागीच थांबतं, मागचं वजन सरळ पुढे जाऊ बघतं आणि गाडी आतल्या बाजूला आडवी होते. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यात वाचवत नाही, कारण चाक घसरून गाडी पडत नसते, तोल जाऊन पडते. वळण सुरू झाल्यावर पुढच्या लिव्हरवर एकही बोट नको.

क्रम असा ठेवा: रस्त्याच्या डाव्या कडेला या, वेग आधीच कमी करा, आरसे बघा, मान वळवून मागे बघा. क्लच पकडीच्या जागी, मागचा ब्रेक हलका. मग नजर आणि हनुवटी दोन्ही उजव्या खांद्यावरून, जिकडे बाहेर पडायचं तिकडे. खाली डांबराकडे बघितलं तर गाडी तिथेच जाते. हँडल वळवताना गाडी आत झुकू द्या, पण तुमचं अंग सरळ ठेवा, भार सीटच्या डाव्या कडेवर आणि डाव्या फूटपेगवर. वेगात आपण गाडीबरोबर झुकतो, इथे उलट करायचं. गाडी फार आत पडतेय असं वाटलं तर क्लच किंचित सोडा, ती स्वतः उभी राहते. क्लच पूर्ण दाबलात तर आधार गेला.

रुंदी सुरुवातीला २४ फूट ठेवा आणि जमेल तशी २० वर आणा. आपल्या दुपदरी रस्त्याचं डांबर साधारण ७ मीटर असतं, म्हणजे २३ फूट. तेवढ्यात वळता आलं की पुरे. एकेरी रस्ता ३.७५ मीटरचा, तिथे एका दमात वळायचा हट्ट नको, पुढे-मागे करून वळवा.

शहापूर_३५०
ताई, ब्रेकच्या पायाचं कुणीच सांगितलं नव्हतं. बंद गाडीवर बघितलं, डाव्या हाताची दोनच बोटं पोचतात. ८ च्या आकड्यात गाडी फिरवायचा सराव कधी सुरू करू?

मलप्रभाकाठ
दोन्ही बाजूंचं गोल वळण पाय न टेकवता जमलं की. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत थोडी वाळू भरा, सुरुवातीला १२ मीटर अंतरावर ठेवा, मग १०, मग ८. विटा-दगड ठेवू नका, चाक चढलं तर गाडी पडेल. एका वळणातून दुसऱ्यात जाताना आधी मान वळवायची, मागोमाग हँडल. आरटीओच्या चाचणीतही हाच ८ असतो, तिथे पाय टेकला की संपलं.

फिटर_उद्यमबाग
सराव करण्याआधी गाडी तपासा. गाडीत दोष असला तर कितीही घासलं तरी हात बसणार नाही.

क्लच केबल: लिव्हरच्या टोकाशी थोडा मोकळा प्ले हवा, बहुतेक केबलच्या गाड्यांत १० ते १५ मिमी. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. प्लेच नसेल तर क्लच घसरत राहतो. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गाडी ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही.

थ्रॉटल: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आवाज वाढला तर केबल ताणली जातेय किंवा चुकीच्या मार्गाने गेलीय. अशी गाडी यू-टर्नमध्ये स्वतःच पळते. आधी हे दुरुस्त करा, मग बाकीचं.

चेन: खालच्या बाजूला मध्यावर २५ ते ३० मिमी हालचाल. सैल चेन गचके देते.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग): मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला, हँडल एका बोटाने हळू फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉलरेसवर ठसे पडलेत. अशी गाडी हळू वेगात सरळ राहत नाही. फार आवळलेला कोनसेटही तसंच करतो.

हवा: पुढच्या चाकात कमी असली की हँडल जड होतं. थंड टायरवर, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे भरा.

प्लेटांचं म्हणाल तर हा क्लच तेलात बुडालेला आहे, हाफ क्लचचा सराव तो सोसतो. पण सलग नको. २० मिनिटं झाली की तिसऱ्या गियरात ३०-४० च्या वेगाने दोन-तीन किलोमीटर फेरी मारा, वारा लागून इंजिन थंड होतं. जळका वास आला, पकडीची जागा सरकली किंवा आवाज वाढून वेग वाढेना झाला, तर लगेच थांबा. तेल जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलंच घ्या. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो.

घाटवाट_चोर्ला
चढाचं राहिलं. थांबल्यावर डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर दाबून. निघताना थोडा थ्रॉटल, क्लच पकडीपर्यंत. आवाज दबला, गाडी पुढे जायला बघतेय असं जाणवलं की मगच ब्रेक सोडा. घाई झाली की हात आधी सुटतो, म्हणून गाडी घरंगळते. आणि चढावर थांबलेलं असताना गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, प्लेटा खऱ्या अर्थाने तिथे जळतात. धरायला ब्रेक आहे.

जागेचं म्हणाल तर व्हॅक्सिन डेपोकडे सकाळी फिरायला येणारे लोक असतात, तिथे नको. सुट्टीच्या दिवशी औद्योगिक भागातला मागचा मोकळा रस्ता बघा, नाही तर परवानगी काढून एखाद्या आवाराचं काँक्रीट. बारीक खडी नसलेली जागा हवी.

निपाणीकर
आयडलचं पटलं. आमच्या भागातलं एक जोडतो. ऊसतोडीच्या हंगामात निपाणी-चिक्कोडीकडे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. वळताना ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते, तेव्हा वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूला हळू गाडी घुसवायची नाही. मागे थांबा, वाट मोकळी होऊ द्या. रस्त्यावर पडलेलं पाचट आणि टायरांतून सांडलेला चिखल, दोन्ही घसरतात. तिथे गाडी झुकवू नका, गोल मोठा घ्या, मागचा ब्रेक अगदी हलका. खानापूरकडच्या पावसाळी तांबड्या मातीतही हेच, फक्त दुसरा गियर ठेवा, पहिल्यात मागचं चाक पटकन फिरतं.

शहापूर_३५०
मागे माणूस बसला तर काय बदलतं? आणि गाडी पडलीच तर १९५ किलो एकट्याने उचलायचं कसं?

मलप्रभाकाठ
मागे वजन आलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल भटकतं. गोल मीटर-दोन मीटरने मोठा घ्या. मागच्या माणसाला सांगा, पाय फूटपेगवरून काढायचे नाहीत आणि वळणात उलट्या बाजूला झुकायचं नाही. एकट्याने ८ पक्का झाल्याशिवाय कुणाला बसवू नका.

गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की सोडून द्या. पाय मध्ये घालून वाचवायला गेलात तर घोटा जाईल, लेगगार्ड वाकला तर बदलता येतो. उचलायच्या आधी किल स्विचने (हँडलवरच्या लाल बटणाने) इंजिन बंद, गियरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाली की डावीकडे पलटणार नाही. डावीकडे पडली असेल तर ती सोय नाही, उभी होताच पलीकडे जाऊ न देता धरायची आणि मग स्टँड लावायचा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. पाठ सीटला लावून खाली बसा, एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागच्या ग्रॅबरेलला. पाठ ताठ, जोर मांड्यांचा, बारीक पावलं टाकत मागे सरका. पेट्रोल सांडलं असेल तर लगेच स्टार्टर मारू नका.