उजनीवर विंडसर्फिंग: जोराच्या वाऱ्यात जाइब जमेना

हिप्परगेकर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. सुट्टीच्या दिवशी गाडीच्या टपावर बोर्ड बांधून उजनीच्या बॅकवॉटरला जातो. बोर्ड जुना घेतलेला, १७५ लिटरचा, डॅगरबोर्डवाला (पोटाखाली पाण्यात उतरणारी, वर घेता येणारी फळी), सेल म्हणजे शीड ५.५ चौरस मीटरचं. सरळ जाणं येतं, टॅकही येतो, म्हणजे तोंड वाऱ्याकडून फिरवून वळणं. गाडी अडलीय ती जाइबवर, म्हणजे वारा पाठीवर घेऊन वळण्यावर. हिवाळ्यात सकाळच्या मंद वाऱ्यात मागचा पाय शेपटीवर टाकला की बोर्ड गर्रकन फिरतो. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की तीच युक्ती अंगाशी येते. वळण अर्ध्यावर आलं की बोर्ड मरतो, सेल खस्सकन ओढून घेतो आणि मी नाळेवरून, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकावरून, थेट पाण्यात. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यात सगळा समुद्र आणि एकसारखा वारा. आपल्याकडे वारा येतो, पडतो, परत येतो. वारा बदलला की जाइबही वेगळा मारायचा असतो का?

चिलापी_फ्राय
जाइब कशाला, टॅक मारा की राव. तोंड तिकडं वळल्याशी मतलब.

हिप्परगेकर
सध्या टॅकवरच भागवतोय. पण लाटा उठल्या की टॅकमध्ये बोर्ड जागेवर थांबतो आणि डुगडुगतो, त्यात पडायला वेगळी मजा येत नाही.

टेंभुर्णीकर
वेगळा मारायचा असतो. नाव एक, पण अंगाला दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत त्या.

ताशी १० किलोमीटरच्या आसपास वारा असला तर बोर्ड पाणी ढकलत चालतो. वेग नाहीच, म्हणून मास्ट (सेलची डोलकाठी) वाऱ्याच्या अंगाला कलवायचा, पाय मागं टाकायचा, नाळ उचलली की बोर्ड फिरतो. ते तुम्हाला येतं, तसंच चालू द्या.

वारा २५ च्या पुढं गेला की बोर्ड पाण्यावर उठून पळतो. तिथं शेपटीवर पाय म्हणजे ब्रेक. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं, आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. वारा ३० चा आणि तुम्ही त्याच दिशेला २५ नं पळताय, तर सेलला लागतो फक्त ५ चा वारा. एका हातानं फिरवाल. पाय मागं टाकून तुम्ही १० वर आलात की सेलला २० चा वारा. वारा चौपट झाला की ओढ चौपट नाही, सोळापट होते, कारण दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. सुटलेल्या एसटीचा दांडा धरून पळतोय तोवर हाताला काही कळत नाही, पाय थांबला की खांदा निखळतो. तुम्ही नाळेवरून जाताय ते ह्यानं.

म्हणून जोरात शिरायचं आणि वेग मरू द्यायचा नाही. डॅगरबोर्ड आधी वर. खाली राहिला तर वेगात तोच बोर्ड एका कडेवर उभा करतो. हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हूक सोडा, मागचा हात बूमवर (सेल धरायच्या आडव्या दांड्यावर) वीतभर मागं सरकवा, थोडं वाऱ्याबरोबर उतरून वेग घ्या. मग मागचा पाय बोर्डावरच्या पट्ट्यातून काढून ज्या बाजूला वळायचंय त्या कडेवर ठेवा आणि हळूहळू दाबा. गुडघे वाकलेले, पुढचा हात सरळ, सेल मागच्या हातानं आत ओढलेला. इथं सगळे सेल सोडतात, कारण भीती वाटते. सोडायचा नाही. नजर पायाकडं नको, जिकडं बाहेर पडायचंय त्या काठाकडं.

आता उजनीचा खरा प्रश्न, वाऱ्याचा झोत. माणूस काय करतो, झोत आला की घाबरून सरळ जातो, तो गेला की शांततेत जाइब सुरू करतो. वेग नाही, आणि मधोमध असताना पुढचा झोत पाठीत. उलटं करा. वाऱ्याकडच्या अंगाला पाण्यावर गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसतो. तो पोचू द्या, बोर्ड पळायला लागला की तेव्हाच वळा. वाऱ्याबरोबर वळल्यावर तो झोत तुमच्यासोबत चालतो, निम्म्यात सोडून जात नाही.

सगळ्यात वैताग १५ ते २० चा वारा. पळत शिरता आणि वळणात बोर्ड खाली बसतो. तिथं हट्ट नको. बसला असं वाटलं की लगेच पाय मागं टाकून तुमचा हिवाळ्यातला जाइब पुरा करा.

माहीमकरीण
टेंभुर्णीकर, सगळं पटलं, पण पाय कधी बदलायचे ते राहिलं. मी गोव्यात शिकले, तिथं आधी पाय, मग सेल असंच घोटून घेतलं. वारा पाठीमागून पलीकडं गेला, सेलचा मागचा कोपरा पुढं आला, की पाय बदला आणि मग मागचा हात सोडा. पुढचा हात मास्टकडं सरकवायचा, सेल त्याच्याभोवती आपसूक फिरतो. हिप्परगेकर, हे जमिनीवर करून बघा. मोकळं मैदान, संध्याकाळचा हलका वारा, फक्त सेल. पाण्यात एका पडण्यामागं जो वेळ जातो त्यात जमिनीवर कितीतरी वेळा हात फिरतो.

टेंभुर्णीकर
ताई, मान्य. स्लॅलमवाले (शर्यतीतले) सेल आधी फिरवतात, पण नवख्यानं पायच आधी.

हिप्परगेकर, एक पंचाईत सांगून ठेवतो. आपल्याकडं चांगला वारा जून-जुलैत आणि तेव्हाच धरण तळाला. पाऊस पडणार पुण्याकडं, पाणी येणार दौंडवरून, तोवर पाण्याखाली चिलारीचे खुंट, जुन्या गावांच्या भिंती. ४० सेंटीमीटरची फिन (शेपटीखालचं पातं) त्यात अडकली की बोर्ड जागच्या जागी उभा राहतो, तुम्ही नाही. लहान फिन लावा. जाइब घोटायला ऑगस्टचा शेवट बरा, पाणी वर आलेलं असतं आणि वारा अजून टिकून असतो. करमाळ्याच्या अंगाला करा. नैऋत्येच्या वाऱ्यात काही मोडलं तरी वाहत त्याच काठाला लागाल. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की तिथं जाळी आहे, लांबून जा.

आणि मे महिन्यात दुपारनंतर पाण्यात जाऊच नका. वळवाचा वारा कुठल्या बाजूनं येईल त्याचा नेम नाही. २०२४ च्या मेमध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळात उलटली, सहा माणसं गेली. लाइफ जॅकेट बांधून ठेवायचं नाही, घालायचं.

चिलापी_फ्राय
मी आपला काठावर बरा.

हिप्परगेकर
झोत गेल्यावर वळायचं, हेच करत होतो मी. ५.५ चा सेल २५-३० च्या वाऱ्याला मोठा होतोय का? माझं वजन ६४.

टेंभुर्णीकर
शिकायला मोठाच. माझ्याकडं ४.७ पडून आहे, टेंभुर्णीत आलात की घेऊन जा. बूमचा पुढचा क्लॅम्प मात्र तुमचा आणा, माझा सैल झालाय.