आधी पंप बघा, मग दिवे

पथदिवे एलईडी केले आणि सोलरसारख्या गोष्टी करणाऱ्यांना घरपट्टीत सवलत दिली की नगरपालिकेचं वीज वाचवण्याचं काम झालं, असा सूर या विषयावरच्या चर्चेत दिसतोय. सवलत हवीच. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक केलं तर 5 टक्के आणि दोन केली तर 10 टक्के सूट देते, त्याने सोसायट्या हलतात हे खरं. पण पाणीपुरवठ्याच्या पंपांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि विजेच्या बिलाचा मोठा वाटा बऱ्याच ठिकाणी तिथेच जातो.

आमच्या गावच्या योजनेत जॅकवेलवरचा (पाणी उपसायच्या विहिरीवरचा) पंप गरजेपेक्षा मोठा बसवलाय. टाकी ओसंडू नये म्हणून कर्मचारी व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतो. पंपाने पाण्याला दिलेला दाब त्या व्हॉल्व्हवरच वाया जातो, त्याचं बिल मात्र ग्रामपंचायत भरते. शिवाय मोटर जळाली की दरवेळी रिवाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी नव्याने भरणं), आणि निकृष्ट रिवाइंडिंगने मोटरची कार्यक्षमता आणखी घसरते. यावर उपाय फार महाग नाहीत. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) लेथवर थोडा तासून घेता येतो, किंवा मागणी बदलती असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं उपकरण) बसवता येतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) सुधारणारे कपॅसिटर चालू आहेत का हे तर बिलावरचा तो आकडा बघूनही कळतं. पुढच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याची वर्षभराची बिलं मांडायला लावा. योजनेचं ऊर्जा ऑडिट करायचा ठरावही त्याच सभेत घेता येईल.