स्प्लंक आणि जीबीचं मीटर: लॉगवर पैसे आकारायचे तरी कसे?

सिंहगडरोडकर
सिस्कोने मार्च २०२४ मध्ये २८ अब्ज डॉलर मोजून स्प्लंक घेतली. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोत तिघांनी काढलेली, लॉग (प्रोग्रॅम चालताना काय घडलं याच्या ओळीवार नोंदी) गोळा करून त्यात शोध घेऊ देणारी कंपनी. सॉफ्टवेअर भारीच आहे. कसलाही लॉग ओता, रकाने आधी ठरवायला नकोत, शोधताना हवे ते काढून घ्या. माझा आक्षेप मीटरला आहे. स्प्लंकने नाव कमावलं ते ‘दिवसाला किती जीबी आत गेले’ यावर लायसन्स विकून, आणि या धंद्यात बरेच जण त्याच वाटेने गेले. आमच्याकडे दुसऱ्याच एका कंपनीचं आहे, पण मीटर तेच. रिन्यूअल जवळ आलं की वरून मेल: लॉग कमी करा. मग कात्री लागते ती नेमकी कामाच्या गोष्टींना. पेमेंट अडकल्याच्या ओळीतून ऑर्डर नंबर गेला, बँकेने काय उत्तर दिलं तेही गेलं. उरलं नुसतं ‘पेमेंट फेल’. रात्री दोनला त्या ओळीचं काय लोणचं घालू? पैसे शोधण्यावर लावा, साठवण्यावर नको.

नाइटशिफ्ट
असहमत. ऑर्डर नंबर मीटरने काढला की तुमच्या लोकांनी? साधा हिशोब करा. लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांत वाटून देणारा) दर पाच सेकंदांनी ‘जिवंत आहेस का’ विचारतो आणि सर्व्हिस दर वेळी ‘२००’ (म्हणजे ‘सगळं ठीक’) लिहून ठेवते. एका कंटेनरच्या (सर्व्हिसच्या एका चालू प्रतीच्या) दिवसाला १७,२८० ओळी. चाळीस कंटेनर असतील तर ६,९१,२००. ओळ २०० बाइटची धरली तर सुमारे १३८ एमबी. स्प्लंकचं फुकटचं लायसन्स दिवसाला ५०० एमबीचं, म्हणजे त्यातला पाव हिस्सा ‘हो, आहे’ म्हणण्यातच गेला. पाण्याला मीटर बसेपर्यंत नळ कोण बंद करतं?

फुकट_ते_पौष्टिक
इलॅस्टिकसर्च टाका की राव, लॉग शोधायचं फुकटचं सॉफ्टवेअर. लायसन्सची कटकटच नाही.

नाइटशिफ्ट
@फुकट, लायसन्सची कटकट नाही? जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकने अपाची हे ओपन सोर्स लायसन्स सोडलं, त्यावरून ॲमेझॉनने ओपनसर्च वेगळं काढलं, २०२४ मध्ये इलॅस्टिकने पुन्हा एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. आणि डिस्क भरल्यावर इंडेक्स (शोधासाठी केलेल्या सूची) रीड-ओन्ली होतात, नवीन लॉग घेत नाहीत, तेव्हा उठतं कोण? त्या माणसाचा पगार धरा, मग फुकट म्हणा.

फुकट_ते_पौष्टिक
बरं, मग लोकी, तोही लॉगसाठीच. तो ओळीतल्या मजकुराचा इंडेक्स करतच नाही, फक्त लेबलांचा (कुठली सर्व्हिस, कुठला सर्व्हर) करतो. डिस्क स्वस्तात पडते. ऑर्डर नंबर शोधायचा तर त्या वेळेतला सगळा ढीग उपसावा लागतो, हे मान्य.

मृदुला_ना
मी सिक्युरिटीत आहे. दोघंही आजच्या लॉगवर भांडताय, आमचं अडतं जुन्यावर. लॉगफोरजेची भानगड (बाहेरच्याला सर्व्हरवर हवं ते चालवू देणारं भोक) १० डिसेंबर २०२१ च्या सुमाराला जगजाहीर झाली. गंमत म्हणजे भोक लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतच. वेबसाइटींचं ट्रॅफिक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीला मागे जाऊन पाहिल्यावर हल्ल्याची पहिली खूण सापडली १ डिसेंबरची. ज्यांनी बिल वाचवायला सातच दिवसांचे लॉग ठेवले, त्यांच्याकडे १ तारीखच नव्हती. आत कोणी येऊन गेलं का? देवाला माहीत.

शिवाय सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: १८० दिवसांचे लॉग ठेवा आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. तेव्हा ‘कमी करा’चा मेल पाठवणाऱ्या साहेबांना हे आधी दाखवा. सिंहगडरोडकरांशी सहमत, पण त्यांनी चुकीचा मुद्दा धरलाय.

नाइटशिफ्ट
ताई, १८० दिवस ठेवा म्हटलंय, १८० दिवस महागड्या इंडेक्सात ठेवा असं कुठे म्हटलंय? कच्च्या फायली गझिप करून (दाबून लहान करून) ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे स्वस्त क्लाउड साठवणीत, टाका.

मृदुला_ना
टाकते की. पण सहा तासांचं घड्याळ चालू असताना त्या गझिप उघडून ग्रेप करायला (ओळ न ओळ चाळायला) तुम्ही येणार का?

सिंहगडरोडकर
अगदी! आणि नाइटशिफ्ट, स्प्लंकही आता कम्प्युटवर (शोधायला किती प्रोसेसर लागला त्यावर) पैसे घेण्याचा पर्याय देते. जीबीच्या मीटरमध्ये काहीच चूक नसती तर दिला असता का?

नाइटशिफ्ट
पर्याय दिला, मीटर कुठे काढलं? कम्प्युटवर गेलात की एखाद्याने दर मिनिटाला रिफ्रेश होणारा डॅशबोर्ड लावून ठेवला, तर तोच सगळं खातो. तुमच्या ‘शोधायला पैसे’मध्ये तर आणखी वाईट. सिस्टीम बंद पडलीय, नवीन पोरगी ऑन-कॉलवर आहे आणि तीस दिवसांचा शोध लावायच्या आधी ती मॅनेजरला विचारतेय, ‘सर, चालवू का?’ त्यापेक्षा मला जीबी परवडले. तिथे भांडण निदान दिवसाढवळ्या होतं.

मृदुला_ना
हे मात्र खरंय. आमच्याकडे क्वेरीवर बिल लागलं तेव्हा लोकांनी एका आठवड्याच्या वरचं शोधणंच सोडलं.