पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे, हाजीअली, जुहू एवढंच का?

माझगावकर

गेल्या रविवारी नाशिकहून मावसभाऊ आला होता बायको-मुलांना घेऊन. त्यांनी आधीच एका गाडीवाल्याकडे एक दिवसाचं मुंबई दर्शन ठरवलं होतं, मी म्हटलं चला मीपण येतो. सकाळी साडेनऊला निघालो ते रात्री नऊला घरी. त्यात गेटवेला पंचवीस मिनिटं, हाजीअलीला "वेळ नाही, खिडकीतनं बघून घ्या", मग मलबार हिल, सी लिंक, एका हिरोच्या बंगल्यासमोर वीस मिनिटं, आणि जुहूला पोचलो तेव्हा अंधार, पाणी दिसतच नव्हतं नुसता आवाज. बाकी सगळा वेळ सिग्नलवर. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे, जाताना मला म्हणाली काका तुमच्याकडे गाड्या खूप आहेत. तिनं दिवसभरात तेवढंच बघितलं होतं. मला रात्रभर ते लागून राहिलं.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. ही धावती यादी बंद करा. एक दिवस, एक भाग, आणि पायी. मुंबई बघायची म्हणजे दहा मुलखांची माणसं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून कशी राहिली ते बघायचं, आणि ते गाडीच्या काचेतून दिसत नाही.

एकच उदाहरण देतो. मशीद बंदर स्टेशनवर रोज लाखभर लोक उतरत असतील, किती जणांना माहितीये की तिथून जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ सालचं सिनेगॉग आहे, शार हारहमीम, आणि स्टेशनचं नाव 'मशीद' पडलं ते त्या ज्यूंच्या मशिदीवरून असं जुने लोक सांगतात. बांधलं कुणी तर दिवेकर आडनावाच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू माणसानं. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही ज्यू आडनावं आहेत! अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलायचे, कीर्तनं मराठीत करायचे, आणि नवस फेडायला मलिदा करतात तो आपल्यासारखाच गोड पोह्यांचा, नारळ घालून. हे आपल्या भाषेतलं माणूस आपल्याच शहरात आहे आणि आपण पाहुण्याला हिरोचा बंद गेट दाखवतो.

माझा प्लॅन असा असतो. सकाळी साडेसहाला बाणगंगा कुंड, तिथून गिरगाव, भुलेश्वर, मुंबादेवी, मग मशीद बंदर. बारा वाजता आत कुठेतरी जेवायला. ऊन चढायच्या आत संपतं. सिनेगॉगला आधी विचारून जा आणि आधार कार्ड जवळ ठेवा, तसंच गेलात तर दारातून परत यावं लागेल.

ठाण्याची सून

माझगावकर, तुमचं मन समजलं पण मी अजिबात सहमत नाही. माझ्याकडे दर मे महिन्यात सासरची मंडळी येतात, त्यात एक आत्या पंच्याहत्तरच्या, एक गुडघे बदललेले काका आणि दोन लहान मुलं. बाणगंगा ते मशीद बंदर पायी? मे मध्ये? तुम्ही ऊन म्हणता पण मुंबईत ऊन नाही घाम मारतो, सकाळी आठला पदर पिळून काढावा लागतो.

आणि एक साधी गोष्ट सांगा, त्या पूर्ण रस्त्यात बायकांनी जावं असं स्वच्छ टॉयलेट कुठे आहे? पायी फिरा सांगणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी रागाने नाही म्हणत पण खरं आहे. मागच्या वर्षी भुलेश्वरला आत्यांनी चार तास पाणी प्यायलं नाही कारण जायची सोय दिसेना. संध्याकाळी चक्कर आली. तेव्हापासून मी एसी गाडी करते आणि मला त्याची लाज वाटत नाही. म्युझियमला नेते, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे सावली आहे, बाकं आहेत, टॉयलेट आहे, बाहेर बाग आहे. आत्या तिथे तीन तास रमल्या. सगळ्यांना गल्ल्याच बघायच्या असतात असं नाही.

परभणीकर

मी मुंबईचा नाही म्हणून बोलू का नको कळत नव्हतं पण बोलतो.

तुम्ही गेटवेला नावं ठेवता ते मला पटलं नाही दादा. आमच्याकडं समुद्र नाही. गोदावरी आहे, तिलाबी उन्हाळ्यात पाणी नसतंय. आमच्या गल्लीतले लोक दरसाल ६ डिसेंबरला दादरला येतात, चैत्यभूमीवर रांगेत उभं राहतात, शिवाजी पार्कवर पुस्तकं घेतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ असला तर गेटवे बघून जातात. माझी आई एकदाच आली होती, गेटवेसमोर काढलेला तिचा फोटो फ्रेम करून घरात लावलाय, आता ती नाही. त्या फोटोत मागं कबुतरं आहेत आणि ती पदर धरून उभी आहे वाऱ्यात. तुम्हाला ती यादी वाटते, आमच्यासाठी ते मुंबईला जाऊन आल्याचा पुरावा आहे.

आणि गेटवे काय कमी आहे का. १९२४ ला पूर्ण झालं, इंग्लंडच्या राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतनं बाहेर गेली. मी हे माझ्या शाळेतल्या पोरांना शिकवतो. ही जागा पंचवीस मिनिटांत बघायची नसते हे मान्य, पण जागेचा दोष नाही ना. घाई गाडीवाल्याची होती.

वांद्रे गावठाण

मला माझगावकरांना वेगळ्या बाजूने उत्तर द्यायचंय. "गल्ल्या दाखवा, वस्त्या दाखवा" हे तुम्ही लोक इतक्या सहज म्हणता. मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिश्चन, आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, घरात मराठीच बोलतो आमची वेगळ्या वळणाची. आमचं घर जुनं, बाहेरून लाकडी जिना, व्हरांडा. दर शनिवार-रविवारी पंधरा-वीस जणांचा घोळका येतो, कॅमेरे असतात, एक जण पुढे उभं राहून आमच्याबद्दल माहिती सांगतो आणि मी व्हरांड्यात मम्मीचे कपडे वाळत घालत असते. एकदा एक मुलगी आमच्या जिन्यावर येऊन बसली पोज द्यायला, मी म्हटलं बाय हे घर आहे, तर म्हणाली एक मिनिट आंटी. मम्मी आजारी होती आत.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतही हेच चालू आहे. तिथे एकेकाळी साठ-पासष्ट जुनी घरं होती, आता तिशीच्या आत आलीत. बिल्डर एकीकडून आणि फोटोवाले दुसरीकडून. आमचा बॉटल मसाला विकत घ्या, जेवण ऑर्डर करा, कुणाच्या ओळखीने या, पण घोळका आणू नका.

खरंच बघायचं असेल तर सप्टेंबरमध्ये आमच्या वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेला या ना. आठ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर असते. तिथे सगळ्यांना बोलावणंच आहे. मेणाच्या वस्तू मिळतात, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर, बाळ, विमानसुद्धा. रांगेत माझ्यापुढे दरवर्षी कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरखेवाल्या असतात, कुणी कुणाला विचारत नाही.

लालबागची पोर

वांद्रे गावठाण, तुमचं अगदी बरोबर, जिन्यावर बसणं म्हणजे कहर आहे.

पण मूळ मुद्द्यावर मी माझगावकरांच्या बाजूने. पैशाचं कोणी बोलतच नाहीये. चार माणसांच्या घरानं गाडी केली की दिवसाचे किती जातात बघा आणि बेस्टच्या बसने फिरा, फरक कळेल. वरून उघडी डबल डेकर २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, माझे बाबा आम्हाला दिवाळीत लायटिंग बघायला तिच्यातून न्यायचे, सर्वात पुढच्या सीटसाठी भावाशी मारामारी. आता एसी डबल डेकर आहे, वरच्या मजल्यावर पुढे बसून दक्षिण मुंबई बघा, सगळ्या वयाच्या माणसांना जमतं, गुडघेवाल्या काकांना खाली बसवा. मेट्रो तीन पण आता आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते, एसी आहे, सीएसएमटीला वर आलात की समोर १८८८ ची इमारत. त्यामुळे ठाण्याच्या ताई, गाडीच हवी असं आता राहिलं नाही.

आणि राणीचा बाग! सगळे पेंग्विन बघून पळतात. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला दगडी हत्ती आहे तो कोणी बघतच नाही. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तोच हत्ती आहे तो. इंग्रज तो उचलून न्यायला गेले, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, मग जोडून इथे उभा केला. मी लहानपणी त्याच्या पायाला हात लावून बघायची सांधे कुठे दिसतात का. बुधवारी बाग बंद असते तेवढं लक्षात ठेवा.

ठाण्याची सून

लालबागची, मेट्रोचं मान्य, पुढच्या वेळी करून बघते. पण स्टेशनमधून बाहेर आल्यावरचं काय? फूटपाथवर टपऱ्या आणि वर खोदकाम. आत्यांचा हात धरून मी रस्ता क्रॉस करते तेव्हा माझा जीव मुठीत असतो. शहर पायी चालण्यासारखं करा मग पायी दाखवा.

उरणचा नाखवा

तुम्ही सगळे काठावरून भांडताय. गेटवे म्हणता, गल्ल्या म्हणता, अरे मुंबई पाण्यातून बघायची असते. सात बेटांचं गाव हे. आमचं लहानपण उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का लाँचमध्ये गेलंय. तो धक्का कुणाच्या नावाचा ते तरी सांगा पाहुण्यांना, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, सगळे भाऊ म्हणायचे, १८४१ च्या सुमारास त्यांनी बांधला, त्याच्या आधी लोक चिखलातून, माणसाच्या खांद्यावरून उतरायचे. मराठी माणसानं बांधलेला धक्का आहे आणि तुमच्या कुणाच्या यादीत नाही.

लाँच सुटली की दहा मिनिटांत हवा बदलते. घाम जातो. मागे क्रेन, मोठी जहाजं, पुढे उरणची टेकडी, कडेला घारापुरी. हिवाळ्यात शिवडीच्या बाजूला चिखलावर गुलाबी रेघ दिसते ते फ्लेमिंगो. नोव्हेंबर ते मे असतात, पण भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासांत बघायचे, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब जातात आणि तुम्ही नुसता चिखल बघून परत येता.

एक सांगतो, लाईफ जॅकेट घाला. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या लाँचचा अपघात झाला, माणसं गेली. तोपर्यंत आम्हीपण जॅकेट बाकाखाली टाकायचो. आता मी स्वतः आधी घालतो मग दुसऱ्याला सांगतो.

माझगावकर

सगळ्यांचं वाचलं. परभणीकर सर, तुमच्या आईच्या फोटोचं वाचून थांबलो जरा. मी गेटवेला नावं ठेवली नव्हती पण लिहिण्याचा सूर तसा झाला, ते माझं चुकलं. गाडीवाल्याचा राग होता.

वांद्रे गावठाण, तुमचाही मुद्दा घेतला. मी स्वतः खोताच्या वाडीत चार-पाच जणांना घेऊन गेलोय आणि फोटो काढलेत, विचारलं नव्हतं. यापुढे नेणार नाही.

पण ठाण्याच्या ताई, तुमच्याशी मात्र मी अजून भांडणार. टॉयलेटचं शंभर टक्के खरं, ते मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. पण म्हणून गाडी हे उत्तर नाही. अर्धाच भाग दाखवा. बाणगंगेला टॅक्सीने जा, खाली उतरा, पायऱ्यांवर तासभर बसा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कुंडाचं पाणी गोडं, बदकं फिरत असतात, वरच्या देवळातली घंटा ऐकू येते. आत्या तिथे बसतील की. मग गिरगाव चौपाटीला टिळकांचा पुतळा दाखवा, १९२० साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार तिथेच वाळूत झाले, आपण तिथे भेळ खाऊन निघून येतो. अकराला घरी. दोनच जागा पण लक्षात राहतात. त्या मुलीला मी बारा तासांत काहीच दाखवू शकलो नाही हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ठाण्याची सून

दोन जागा आणि अकराला घरी, हे चालेल. तुमच्या पहिल्या प्लॅनला मात्र माझा विरोध कायम.

परभणीकर

सर म्हणू नका दादा. एक विचारायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना घेऊन येतोय, वय ७१, डावा गुडघा दुखतो. सोमवार मंगळवार दोनच दिवस आहेत. घारापुरी दाखवावी म्हणतोय, त्यांना लेण्यांची आवड आहे, वेरूळ चारदा बघितलंय.

उरणचा नाखवा

सोमवारी लेणी बंद असतात काका, मंगळवारीच जा. लाँचला तासभर लागतो. वर जायला साधारण सव्वाशे पायऱ्या, डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. खरी अडचण गेटवेला चढताना, गर्दीच्या वेळी एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकत जावं लागतं आणि लाटेनं फट मोठी होते. पहिली लाँच पकडा, गर्दी कमी असते, खलाशाला सांगा गुडघा दुखतो, दोन्ही हात धरून घेतात. वर त्रिमूर्तीसमोर बसवा त्यांना, वीस फूट उंच आहे, उजेड बाजूने येतो. घाई करू नका, परतीची लाँच चुकली तर पुढची मिळते.

परभणीकर

वडिलांना आत्ताच वाचून दाखवलं. डोलीला नाही म्हणतात, हळूहळू चढतो म्हणाले. आणि विचारतात की पाण्यात पाय बुडवायला कुठं मिळंल, गेटवेला तर भिंत आहे.

माझगावकर

सोमवारी दादर चौपाटी. चैत्यभूमीवर दर्शन घ्या, मागेच वाळू आहे, तिथून पाण्यापर्यंत सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. भरती-ओहोटीची वेळ बघून आदल्या रात्री तुम्हाला कळवतो. मी येऊ का सोबत? माझी सुट्टीच आहे.