पिल्लू खरंच खातंय का?

विकत आणलेलं पक्ष्याचं पिल्लू दाणे समोर असूनही मान वरखाली हलवत सारखं ओरडतं, आणि विकणारा तर 'खातंय की' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ते बहुधा अजून हाताने भरवण्यावरच आहे, स्वतः खात नाही. चोचीत दाणे घोळवणं म्हणजे खाणं नव्हे, त्यामुळे विकणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबू नका. रोज सकाळी भरवण्याआधी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. वजन सलग घसरत असेल, तर ते बहुधा उपाशी आहे.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी दूध-पाव भरवायला सुचवलंय. कृपया नको! पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पिल्लांसाठीची तयार पावडर मिळते, तीच पाकिटावरच्या प्रमाणात कालवा. कालवलेल्या अन्नाचं तापमान साधारण ३९-४० अंश सेल्सिअस, तेही थर्मामीटरने बघून. बोटाचा अंदाज चुकतो. जास्त गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, गार असेल तर अन्न तिथेच साचून आंबतं. सिरिंज जोरात दाबली की घास श्वासनलिकेत जातो, म्हणून शक्य असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडून एकदा भरवणं शिकून घ्या. सकाळीही पिशवी रिकामी झाली नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

दाणे मात्र पिंजऱ्यात राहू देत, दाण्यांसोबत मऊ शिजवलेल्या भाज्याही ठेवा. भरवणं एकदम बंद करू नका. ते स्वतःच हळूहळू नाकारायला लागेल.