मकाव: पटाक्यांच्या शहराच्या आठवणी (अनुभव धागा)

अबोली

परवा माळा आवरताना मकावच्या तियूंनी दिलेली पत्र्याची डबी सापडली. आत दोन खिळे, वेखंडाची कांडी आणि चांदीचं एक नाणं. १ पटाका, १९५२. (मकाव म्हणजे मकाऊ, चीनच्या किनाऱ्यावरचं, पूर्वी पोर्तुगिजांकडे असलेलं कॅसिनोंचं शहर. पटाका म्हणजे तिथला रुपया. फोडायचा नव्हे.) नेमका त्याच दिवशी पुण्याचा भाचा ऑफिसच्या लोकांबरोबर पणजीत बोटीवरच्या कॅसिनोत गेलेला. मग काय, तियू डोळ्यांसमोर उभेच राहिले.

तियू (म्हणजे काका) आमचे शेजारी. पोर्तुगिजांच्या वेळी तरुणपणी मकावला पोलिसात गेले आणि म्हातारपण काढायला परत गोव्यात आले. तिकडे हिंदुस्थानातून आलेल्या शिपायांना सरसकट 'मोरो' म्हणत, म्हणजे मूर, मुसलमान. तियू ख्रिस्ती, रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणणारे, रविवारी चर्चमधली मिस न चुकवणारे, आणि तरी मोरो! हा राग त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. गोव्याहून नेलेल्या पलटणीसाठी १८७४ साली बांधलेली बराक तिथे अजून उभी आहे, पिवळी, कमानीकमानींची. जागतिक वारशाच्या यादीत आहे आता. तिचंही नाव मोरोंची बराकच.

संध्याकाळी पायरीवर बसून ते आम्हा पोरांना चिंचोक्यांनी 'फानतान' शिकवायचे. मूठभर चिंचोके, त्यावर वाटी पालथी. वाटी उचलायची आणि काडीने चार-चार चिंचोके बाजूला सारायचे. शेवटी किती उरणार, एक, दोन, तीन की चार, यावर पैज. बस्स, एवढाच खेळ. तिकडे चिंचोक्यांऐवजी बटणं असत. तिथल्या सेंट्रल हॉटेलात म्हणे टेबल खाली आणि बडे लोक वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून बसलेले. पैजेचे पैसे दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली सोडायचे. तियू म्हणत, "भरलेली खाली येते, रिकामी वर जाते. बांयच्या उलट." (बांय म्हणजे विहीर.)

तुमच्यापैकी कोण गेलंय तिकडे? किती जिंकलात ते नको, माणसं सांगा.

कोथरुडचा कोल्हा

शीर्षक वाचून आधी पोपट वाटला, मग दिवाळी. जातो.

सई_म

आम्ही २०१३ ला हाँगकाँग-मकाऊ-शेन्झेन टूरने. सासूसासरे बरोबर. व्हेनेशियन नावाच्या कॅसिनो-हॉटेलात सोडलं आणि टूर मॅनेजर म्हणाला तीन तासांनी याच खांबापाशी भेटा. तसले खांब तिथे शंभर!!

आत कालवा, गोंडोला, गाणारे नावाडी, आणि वर रंगवलेलं आकाश. ते आकाश कायम संध्याकाळी पाच-साडेपाचचं. सासूबाईंना सहाला दिवेलागणीची सवय. दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "अगं, अंधार कसा पडत नाही?" शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसून डोळे मिटून शुभंकरोती म्हणून घेतलं. शेजारी एक चिनी आजीबाई टेकल्या होत्या, त्यांनीही हात जोडले. का ते विचारू नका.

सासरे स्लॉट मशीनवर १०० डॉलर हरले आणि परत येईपर्यंत हिशोब लावत होते की तेवढ्यात किती शेंगदाणे आले असते.

रेवा

सई 😂😂 शेंगदाणे! आमच्याकडे साबण. बाबांचं परदेशात सगळं 'लक्सच्या वड्या'त मोजलं जातं.

बोरकूट

सई जेवणाचं काय केलंत? आम्ही पुढच्या महिन्यात जातोय, जैन आहेत दोघं बरोबर

अण्णा_दर्यावर्दी

मी बोटीवर होतो, मर्चंट नेव्ही. १९८३. जहाज हाँगकाँगला, आम्ही चौघे फेरीने मकाऊला. तेव्हा तिथे हे आकाशबिकाश काही नाही. सगळा कारभार स्टॅनली हो या एका माणसाच्या कंपनीचा. १९६२ पासून एकट्यांचा मक्ता. लिस्बोआ हॉटेल १९७० चं, पिंजऱ्यासारखं गोल. आमच्याबरोबर हाँगकाँगचा एक जुना खलाशी होता, तो पुढच्या दारातून आत जायलाच तयार नव्हता, पिंजऱ्यात शिरलेला पक्षी बाहेर येत नाही म्हणून. बाजूच्या दाराने गेला. हरायचा तो हरलाच.

आमच्यातला एक रत्नागिरीचा. पगार संपला तसा तावातावाने गहाणवटीच्या दुकानात गेला. ही दुकानं कॅसिनोच्या आसपास रांगेने. पाटीवर वटवाघूळ, त्याच्या तोंडात नाणं. आम्हाला वाटलं, केवढा अपशकुन! नंतर कळलं, चिनी भाषेत वटवाघूळ आणि भाग्य यांचा उच्चार सारखा, म्हणून ते शुभ. याने मनगटावरचं एचएमटी काढून ठेवलं. दुकानदाराने ते उलटंपालटं केलं, कानाला लावलं आणि दोन्ही हातांनी आदराने परत दिलं. चेन मात्र घेतली. बायकोने दिलेली. पुढे कोलंबोपर्यंत तो जेवणाच्या टेबलावर बोलला नाही.

त्याला शोधत सकाळी टेकडीवर भटकताना मला पारशांची दफनभूमी दिसली. मकाऊत! पायऱ्यापायऱ्यांवर दगडी कबरी, १८२९ पासूनच्या. मुंबईचे पारशी व्यापारी. इथवर कशाला आले होते ते शोधायला गेलात तर माळव्याची अफू निघते. मुंबईहून आणि दमणहून जहाजं भरून जायची.

नाखवा

अण्णा __/\__
कॅसिनोचं मूळही तिथेच म्हणतात ना? म्हणजे अफूत?

अण्णा_दर्यावर्दी

थेट नाही. इंग्रजांना अफूच्या लढाईनंतर हाँगकाँग मिळालं, तिथे खोल बंदर. मकाऊचं बंदर गाळाने भरत चाललेलं. व्यापार तिकडे गेला, तिजोरी रिकामी. मग पोर्तुगीज सरकारने १८४७ च्या सुमारास जुगाराला परवानगी दिली आणि त्यावर कर लावला. १८४४ पर्यंत मकाऊ गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होतं हेही लक्षात घ्या. गोव्यातून सुटलं आणि पाठोपाठ जुगारात पडलं.

आणखी एक वाईट धंदा होता, करारावर मजूर पाठवायचा, क्युबाला आणि पेरूला. १८७४ ला बंद झाला. जुगारामुळे शहर बदनाम झालं असं लोक म्हणतात. माझ्या मते जुगार हा तिथला त्यातल्या त्यात सभ्य धंदा होता.

अबोली

अण्णा, रत्नागिरीकरांची चेन वाचून पोटात तुटलं. सोडवली का पुढे?

अण्णा_दर्यावर्दी

नाही. मुंबईत उतरल्यावर तशीच दुसरी करून घेतली, झवेरी बाजारात. वजन जुळवलं. वहिनींना अजून माहीत नाही. वाचत नसतील अशी आशा.

गिरणगावकर

१९६२ वाचून चमकलो. त्याच साली वरळीत कल्याणजी भगतचा मटका सुरू झाला! त्याआधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायचे. आमचे आजोबा मिलमधून सुटल्यावर चाळीच्या दाराशी 'ओपन काय आला' विचारूनच वर चढायचे. आजी म्हणायची, यांना नातवाचा वाढदिवस आठवत नाही, आकडा आठवतो. रतन खत्रीच्या वेळी तर

गिरणगावकर

अर्धंच गेलं, पाणी आलं होतं. नंतर लिहितो.

मुक्काम_हाँगकाँग

मी हॉटेलांच्या संगणक यंत्रणेचं काम करायचो, २०१६ ते १९ दर आठवड्याला मकाऊ. पर्यटकांना दिसत नाही ते थोडं.

पत्ते वाटणारा डीलर फक्त स्थानिक ओळखपत्रवालाच असू शकतो, बाहेरच्याला ती नोकरी नाही. त्यामुळे प्रत्येक घरात एक तरी डीलर. मी ज्या बाईंकडे खोली घेतली होती त्यांच्या दोन्ही मुली डीलर. थोरलीला शिक्षिका व्हायचं होतं, पण शाळा संपल्यावर लगेच त्याहून जास्त पगार हातात येत होता. तीन पाळ्या, दुसऱ्यांचा सिगारेटचा धूर, आणि हरलेला माणूस शिव्या देणार त्या तिला. घरी आली की ती अर्धा तास फक्त मासे बघत बसायची, त्यांच्याकडे मोठी टाकी होती. पत्त्यांचा खेळ घरात बंद. चिनी नववर्षालासुद्धा नाही.

सरकारी नोकरांना कॅसिनोत खेळायला बंदी, सवलत फक्त नववर्षाचे पहिले तीन दिवस. २०१९ अखेरपासून कॅसिनोच्या कर्मचाऱ्यांनाही ड्यूटी संपल्यावर खेळघरात मनाई झाली. म्हणजे शहर ज्यावर जगतं ते शहरातल्या निम्म्या लोकांना वर्ज्य. हलवायाला डायबेटिस.

दारावरचे रक्षक बरेचसे नेपाळी. एकदा फोनवर आईशी मराठीत बोलत होतो तर दारावरचा दाजू हिंदीत म्हणाला, "साहेब, दादरचे का? मी सहा वर्षं माटुंग्याला होतो." नंतर दर बुधवारी त्याच्यासाठी हाँगकाँगहून चिवडा.

आणि हो, कॅसिनोच्या फुकट बस. जेटीपासून, सरहद्दीपासून. सगळ्या स्थानिक मावश्या भाजीच्या पिशव्या घेऊन त्यातूनच फिरतात. सोन्याने मढवलेल्या दारात उतरायचं आणि मागच्या गल्लीतून घरी.

सई_म

'हलवायाला डायबेटिस' 👌👌

बोरकूट

जैन जेवणाचं कोणीच सांगत नाहीये.

सई_म

अगं विसरले! टूरबरोबर भारतीय जेवण होतं. एकटे जाणार असाल तर थेपले, खाखरे भरपूर न्या. एग टार्टच्या वाटेला जाऊ नका, नाव सांगतंय.

माणिकमोती

एग टार्ट!!! मकाऊच्या कोलोआन बेटावर मूळ दुकान आहे, अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने १९८९ ला काढलेलं. म्हणजे पोर्तुगीज पदार्थ, इंग्रज बेकर, चिनी गिऱ्हाईक. वरून काळे डाग पडेपर्यंत भाजतात. मी उभ्या उभ्या चार खाल्ले, नवऱ्याला दोन सांगितले.

अबोली

माणिक, तिकडे बेबिंकाही (आमच्या गोव्याचं थराथरांचं पक्वान्न) मिळते हो. पण थरांची नाही. नारळाच्या दुधाची, खरवसासारखी. तियूंची बायको मकावचीच, मिश्र घराण्यातली, ती करायची. आमची आई तोंडावर "छान" म्हणायची आणि घरी येऊन "थर कुठे गेले हिचे?" तिची बोली म्हणजे पातुआ, पोर्तुगीजमध्ये मलाय, कोकणी, चिनी सगळं कालवलेलं. आता बोलणारे हाताच्या बोटांवर. मध्येच एखादा शब्द आमचाच निघायचा आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो.

निनावी_ठीकआहे

नेहमीचा आयडी नाही, कारण कळेल.

माझा दीर. व्यापारात चांगला. एका दलालाने 'फुकट ट्रिप' दिली, तिकीट, हॉटेल, दारू सगळं. बदल्यात ठराविक रकमेच्या चिप्स (कॅसिनोत पैशांऐवजी लावायच्या चकत्या) खेळायच्या. त्या चिप्स परत देऊन रोख मिळत नाही, खेळूनच संपवायच्या, जिंकलं तर त्याच्या खऱ्या, रोख करता येणाऱ्या चिप्स मिळतात. दलालाला कमिशन खेळलेल्या रकमेवर, तुम्ही हरा की जिंका. नंतर वाचलं की ही पद्धत मुळात चीनमधल्या बड्यांसाठी बसवलेली. त्यांना देशाबाहेर २०,००० युआनच रोख नेता येतात आणि जुगाराचं कर्ज तिकडच्या कोर्टात वसूल होत नाही, म्हणून मध्ये उधार देणारा आणि वसूल करणारा माणूस लागायचा. वसुलीवाले आमच्या दारातही आले. ओरडले नाहीत. दोघे, इस्त्रीचे शर्ट, चहा घेतला, माझ्या मुलीला कितवीत आहेस विचारलं. त्यानंतर दोन महिने मी तिला शाळेत स्वतः सोडत होते.

गाळा विकला. दीर आता बरा आहे, घरात कॅरमसुद्धा खेळत नाही.

रेवा

अगं बाई. जवळ घेते तुला.

नाखवा

ते दलालांचे व्हीआयपी कक्ष आता खूप कमी झालेत. २०२१ नोव्हेंबरात सगळ्यात मोठ्या दलालाला, आल्विन चाऊला, अटक झाली, त्यानंतर. ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मांडवीकाठी

आमी पणजीकार. कॅसिनोच्या बोटीवर किचनमध्ये चार वर्षं होतो. २०२० पासून गोयकारांना आत खेळायला बंदी आहे, पण भांडी घासायला नाही. वर नाचगाणं चालायचं तेव्हा खाली आम्ही दोनशे माणसांचं बटर चिकन करायचो. गोव्याच्या बोटीवर फिश करी मेनूत शेवटच्या पानावर! अबोलीबाय, मकावात तरी जमीन आहे. हांगा न्हंयच भाड्यान दिली. (इथे नदीच भाड्याने दिली.)

मुक्काम_हाँगकाँग

जमीन? मांडवीकाठी, ती पण नाही हो. ताइपा आणि कोलोआन ही दोन बेटं, मधला समुद्र भरून काढला, ते कोताई. व्हेनेशियन त्या भरावावर. बाईंची थोरली सांगायची, लहानपणी तिथे वडिलांबरोबर शिंपल्या वेचायला जायचो.

कोथरुडचा कोल्हा

परत आलो. स्टॅनली होबद्दल शोधत बसलो, सकाळची मीटिंग बुडाली. चार बायका, सतरा मुलं. २०२० मध्ये ९८ व्या वर्षी गेला. आणि म्हणे स्वतः जुगार खेळत नसे.

रेवा

चार बायका हा जुगार नाही तर काय.

अण्णा_दर्यावर्दी

२००२ ला त्याचा मक्ता संपला, अमेरिकन आले. पहिलं सँड्स कॅसिनो २००४ मध्ये, बांधकामाचा खर्च वर्षभरात वसूल. दोन-तीन वर्षांत मकाऊने लास वेगासची स्ट्रिप (तिथला कॅसिनोंचा रस्ता) मागे टाकली. ती २०१३ ची कमाई ३६० अब्ज पटाका वगैरे वाचली की माझ्या डोळ्यांसमोर ते एचएमटी येतं.

गिरणगावकर

पाणी गेलं. तर मी काय म्हणत होतो, रतन खत्रीच्या वेळी मटक्यातून पत्ते काढताना

माणिकमोती

गिरणगावकर, तुम्ही वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

अबोली, त्या नारळाच्या दुधाच्या बेबिंकाचं प्रमाण आहे का कुठे लिहिलेलं?

अबोली

आईच्या वहीत आहे बहुतेक. तिने वर 'मकावची बेबिंका, थर नाहीत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. साखर 'अंदाजे'. उद्या बघून देते, आता भाचा आलाय बोटीवरून, झोपलाय. किती हरला ते सांगत नाहीये, पण परतीचं बसचं तिकीट मला काढायला सांगितलंय.