मदत हवी आहे : भाच्याने फ्रॅटर्निटीत जावे का?

नमस्कार. माझा भाचा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पहिल्या वर्षाला असून, दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांची डेल्टा एप्सिलॉन साय ही फ्रॅटर्निटी (म्हणजे अमेरिकी विद्यापीठांतील मुलग्यांची सदस्य-संघटना) १९९८ मध्ये तिथेच सुरू झाल्याचे कळल्यापासून तिच्यात जायचे त्याने मनावर घेतले आहे. परक्या गावी सोबत मिळते, पुढे नोकरीसाठी ओळखी होतात, हे मला पटते. 'आज कोणाशीच बोललो नाही' असे तो फोनवर म्हणतो तेव्हा जीव तुटतो. मात्र २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीच्या नवख्या सदस्याला भरमसाट दारू पाजली गेली, तो जिन्यावरून पडला आणि कित्येक तास कोणी मदत न बोलावल्याने अखेर दगावला, हे मनातून जात नाही. ज्यांची मुले अशा संघटनांत होती, त्यांनी सदस्यत्वापूर्वी नेमके काय करायला लावतात आणि नकार दिल्यास काय होते, हे कृपया सांगावे.